टाकळकर काकांची डबल बेल

मी आज चारचौघांत मोठ्यानं बोलू शकतो, हे भालचंद्र टाकळकर यांचं देणं आहे. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ दिलं. पण आवाज टाकळकर काकांनी दिला, आणि तोही रेल्वे चालवता चालवता.

काका रेल्वेत कधीच नव्हते. ते पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते आणि तिथूनच निवृत्त झाले. रेल्वे त्यांनी चालवली ती उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरी, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत, लेकीनं नागपूरहून पाठवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर.

मी कन्नडजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आणून काकांच्या वरच्या खोलीत सोडलं. काकांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "विषय काय?"

"जी?" आबा गोंधळले.

"म्हणजे मुलाच्या येण्याचं प्रयोजन."

"शिकायला आलंय जी पोरगं."

"मंजूर," काका म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, खोली द्यायलात का टिपणी लिहायलात? चहा घेता का म्हणून विचारा त्यांना."

सुमनकाकू अशा आतूनच बोलायच्या आणि नेमकं बोलायच्या. काकांचं कार्यालय सुटलं होतं, पण कार्यालयानं काकांना सोडलं नव्हतं. दूध उतू गेलं की ते म्हणत, "जावक झालं." भाजीत मीठ कमी पडलं की ताट पुढं सरकवून म्हणत, "त्रुटीची पूर्तता करून फेरसादर." मोबाइलवर आलेला मजकूर ते मजकूर मानतच नसत. "ह्याला आवक क्रमांक कुठं टाकू?" असं विचारत. मी दिवाळीला गावी गेलो की खुशालीचं पत्र टपालानं पाठवायचं, आणि त्याला विषय आणि संदर्भ असलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. मी पहिल्यांदा 'विषय: खुशाली' एवढंच लिहिलं, तर उलट टपाली शेरा आला: 'कोणाची? खुलासा व्हावा.'

मी तेव्हा तोंडातल्या तोंडात बोलायचो. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात मी उभा राहून "लई अवघड हाय सर" असं म्हणालो होतो आणि मागचे बाक हसले होते. तेव्हापासून मी आवाज गिळायला शिकलो. काही विचारलं की मान हलवायची, नाहीतर पुटपुटायचं. काका कानाला हात लावून म्हणत, "अक्षर पुसट आलंय. दुसरी प्रत काढ."

काकांचं स्वतःचं एक अवघड जागचं दुखणं होतं. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. दोन्ही रंग त्यांना सारखेच मातकट दिसत. पण हे ते कुणाला सांगत नसत. भाजीवाल्याला तर नाहीच. त्यांनी हौसेनं टोमॅटो निवडायला घेतले की कोपऱ्यावरचा भाजीवाला हात जोडायचा, "काका, ये कच्चे हैं. चटनी बनाना है क्या?" काका ते तसेच पिशवीत टाकत आणि गंभीरपणे म्हणत, "हां, चटनीच." मग घरी आठवडाभर कच्च्या टोमॅटोची चटणी चाले. काकू ती निमूट वाटत. मीही निमूट खात असे.

काकूंच्या डोहाळजेवणाला काका स्वतः जाऊन हिरवी साडी घेऊन आले होते. ती मरून निघाली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकू तीच नेसल्या आणि पाटावर बसल्या. तेव्हापासून त्या घरात त्या साडीला 'हिरवी साडी' म्हणतात. कपाटातून ती काढायला सांगितली तेव्हा मी पहिल्यांदा अर्धा तास हिरवी साडी शोधत बसलो होतो.

तर एक दिवस काकांनी मोबाइलवर कुणीतरी कॉम्प्युटरवर रेल्वे चालवत असल्याचा व्हिडिओ पाहिला. मला खाली बोलावलं. "हे आपल्या यंत्रावर होईल का?"

"व्हईल," मी पुटपुटलो.

"मंजूर," काका म्हणाले. मी काय म्हणालो हे त्यांना ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे.

तो खेळ उतरवून घ्यायला मला दोन दिवस लागले. तेवढ्यात एक घबाड सापडलं. कुणा हौशी पोरानं आपल्याच भागाचा लोहमार्ग त्या खेळासाठी तयार करून फुकट ठेवला होता. लासूरहून निघायचं, पोटूळ, दौलताबाद, आपलं शहर आणि शेवटी मुकुंदवाडी. काकांना हे सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. "लासूर? आपलं लासूर?" खेळातल्या शहराच्या स्टेशनवर अजून नामांतराआधीच्याच नावाची पाटी होती. काकू चष्मा लावून म्हणाल्या, "ह्यांच्यापर्यंत शासन निर्णय पोचला नाही वाटतं."

खेळाच्या सूचना इंग्रजीत होत्या. काकांनी त्या छापून आणायला लावल्या, पट्टीनं समास आखला आणि परिपत्रक वाचावं तशा वाचायला घेतल्या. "पहिल्या परिच्छेदात म्हणतात, ब्रेक सोडावा. कुणी सोडावा? वाक्यात कर्ता नाही. अशानंच कामं तुंबतात."

मला कसला धीर धरवतोय! मी म्हणालो, "काका, तो वेगाचा दांडा ओढा की."

काकांनी दांडा ओढला. इंजिन असं गरजलं की देवघरातली समई थरथरली म्हणाल तर खोटं नाही. गाडी मात्र जागची हलेना. काकांनी आणखी ओढला. इंजिन आणखी गरजलं. काकूंनी दारातून विचारलं, "तेल घातलं का त्यात?" काका उठून कॉम्प्युटरची वायर बघून आले.

मग दुसरा परिच्छेद वाचल्यावर कळलं की ब्रेक नुसता सोडून भागत नाही. गाडीच्या अंगभर एक नळी असते, तिच्यात हवा भरावी लागते. हवा भरली की मगच प्रत्येक डब्याचा ब्रेक सुटतो. तोवर वाट बघायची. पडद्यावर एक काटा सावकाश वर चढत होता आणि काका त्याच्याकडं असे बघत होते की जणू साहेबांची सही व्हायचीच बाकी आहे.

"ओढा आता," मी म्हणालो.

"दमानं घे. हवा भरू दे."

"भरली की."

"शेवटच्या डब्यापर्यंत भरू दे. आपण इंजिनात बसलोय म्हणून काय झालं? शेवटच्या डब्याला पण निघायचंय."

हवा भरली. काकांनी दांडा ओढला, एकच खाच. आणि गाडी हलली! काकू टाळ्या वाजवणार तोच माझ्या लक्षात आलं की स्टेशन पुढं सरकतंय. म्हणजे आम्ही मागं चाललोय. पुढं-मागं करायची कळ मागं राहिली होती. मी "मागं, मागं" असं पुटपुटेपर्यंत शेवटचा डबा मातीच्या ढिगाऱ्यावर चढला आणि खेळ थांबला.

मी काकांकडं बघायला घाबरत होतो. काका म्हणाले, "मागं गेली. पण गेली ना? मागं जाते म्हणजे चालू स्थितीत आहे."

दुसऱ्या खेपेला कळ पुढं होती, हवा भरली होती, काटा जागेवर होता आणि तरी काका गाडी सोडेनात. लासूरच्या फलाटावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"काका, निघायचं ना?"

"ती बाई राहिलीय."

"ते चित्र आहे काका. ती कधीच चढत नसते."

"चित्र असलं म्हणून काय झालं? पिशवी घेऊन स्टेशनवर आलीय म्हणजे कुठंतरी जायचंच असणार."

काकूंनीही दुजोरा दिला, "थांबा हो जरा. पायानं अधू असंल बिचारी."

आणि आम्ही खरोखर थांबलो. काकूंनी चहा टाकला, आम्ही तो प्यायलो, म्हातारी तशीच उभी. शेवटी काकांनी नाइलाजानं गाडी सोडली आणि म्हणाले, "मागच्या गाडीनं येतील." त्या दिवसापासून तिचं नाव लासूरची आत्या पडलं. पुढं दर वेळी निघताना काका पडद्याकडं बघून म्हणत, "आत्या, येताय का?" आणि थोडं थांबत. मी हसायचो. पण आमच्या गावची एसटी धावत येणाऱ्या माणसासाठी थांबते तशीच ही आगगाडी थांबत होती, आणि मला त्यात कुठंतरी बरं वाटायचं.

पोटूळच्या अलीकडं पहिला सिग्नल आला. तो लाल होता.

"लाल," मी म्हणालो. काका तसेच पुढं. गाडीनं सिग्नल ओलांडला, पडदा काळा झाला आणि इंग्रजीत अक्षरं आली की धोक्याचा सिग्नल ओलांडल्यामुळं खेळ समाप्त.

"तू काही म्हणालास का?"

"लाल म्हणालो."

"कुठं म्हणालास? पोटात?"

मग काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. काकू आतून येऊन माझ्या शेजारी बसल्या. काका म्हणाले, "रामेश्वर, तुला म्हणून सांगतो. मी रेल्वेच्या परीक्षेत पास झालो होतो. इंजिनावरच्या नोकरीसाठी. लेखी पास, तोंडी पास. मग डॉक्टरनं एक पुस्तक पुढं केलं. पानभर ठिपके. म्हणाला, ह्यात आकडा वाचा. मला आकडाच दिसंना. म्हटलं, साहेब, ठिपके आहेत. तो म्हणाला, जा. एवढंच. जा." काकांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "ठिपक्यांच्या पुस्तकावरून कुणी माणूस नापास करतं का? गाडी काय ठिपक्यांवरून चालते? मी चालवली असती. शंभर टक्के चालवली असती. तो डॉक्टर अजून माझ्या डोक्यात बसून आहे."

तेव्हा मला कळलं की काका खेळ खेळत नव्हते. ते एक जुनं प्रकरण पुन्हा उघडत होते. त्यांना मुकुंदवाडीपर्यंत गाडी नेऊन दाखवायची होती, आणि दाखवायची होती ती त्या डॉक्टरला.

"आता एक कर," काका म्हणाले. "मला सिग्नल तू सांगायचा. पण रंगाचं नाव काढायचं नाही. लाल, हिरवा हे माझ्यासाठी नुसते आवाज आहेत. मला कळंल असं काहीतरी बोल."

मला रेल्वेतलं काय ठाऊक? आमच्या कन्नडला रेल्वे नाही. मला ठाऊक ती एसटी. तिच्यात कंडक्टर दोरी ओढून एकदा घंटी देतो ती थांबायची, दोनदा देतो ती निघायची. पुढचा सिग्नल आला आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "डबल."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग एवढे हसले की दौलताबादच्या अलीकडं गाडी रुळांवरून घसरली. "बेस! हे मला कळतं. डबल म्हणजे जा, सिंगल म्हणजे थांब. एवढं रेल्वेला सुचलं असतं तर मी आज पेन्शनीत इंजिनवाला असतो."

तेव्हापासून आमची रीत ठरली. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी खाली जायचो. काका चालकाच्या जागी, मी डावीकडं स्टुलावर, काकू मागं दिवाणावर मटार सोलत. त्या प्रवासी. मी सिग्नल ओरडायचा, काकांनी तोच शब्द उलट म्हणायचा. खऱ्या इंजिनातही दोघं माणसं असतात आणि असंच एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात, हे मला फार पुढं कळलं. आम्ही ते आमच्या गरजेपोटी शोधलं होतं.

"डबल," मी म्हणायचो.

"ऐकू आलं नाही."

"डबल."

"अरे, ह्या आवाजानं चिमणी उठणार नाही. मागं डबे किती लागलेत बघ. त्या सगळ्यांचा जीव तुझ्या घशात आहे. मोठ्यानं!"

"डबल!"

"डबल!" काका उत्तर द्यायचे.

मागून काकू म्हणायच्या, "आता कसं प्रवाशांना झोप लागली."

शेजारचे पाठक एकदा कुंपणावरून विचारते झाले, "काका, घरात कंडक्टर ठेवलाय का?" काकांनी उत्तर दिलं, "बढती झालीय त्याची."

त्या सहामाहीच्या तोंडी परीक्षेला परीक्षकांनी मला बॉयलरबद्दल काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं तर ते दचकले आणि त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "हळू बोललं तरी चालेल," म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हळू बोल म्हणत होतं. मी खोलीवर न जाता आधी काकांकडं गेलो आणि ते सांगितलं. काकांनी कानाला हात न लावता ऐकलं.

त्या खेळात आणखी एक गोष्ट काकांना छळत होती. पोटूळ स्टेशनच्या मागं नारळाची झाडं होती. एक-दोन नाही, ओळच. "पोटूळला माड?" काका दर खेपेला गाडी हळू करून म्हणत. "त्या पोरानं पोटूळ बघितलं तरी आहे का? कोकणातलं असंल." मग काकू म्हणत, "लागले असतील. तुम्ही कुठं उतरलात पोटूळला कधी?" हे खरं होतं. काका कितीदा त्या वाटेनं गेले, पण पोटूळला उतरले नव्हते. "प्रत्यक्ष पाहणी व्हायला पाहिजे," असं म्हणून ते तो विषय प्रलंबित ठेवत.

थंडीच्या दिवसांत एकदा काका म्हणाले, "आज तू बोलायचं नाही. तोंडावर हात ठेव."

मी हात ठेवला. गाडी निघाली. आत्यांना विचारून झालं. पहिला सिग्नल आला, हिरवा. काका खांबाकडं डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "वरचा दिवा. डबल." पुढचा लाल होता. "खालचा. सिंगल." आणि गाडी त्यांनी खांबाच्या अलीकडं अशी थांबवली की मागं दिवाणावर काकूंच्या मांडीवरचा एक मटार हलला नसेल. माझ्या नकळत त्यांनी दिव्यांच्या जागा पाठ केल्या होत्या. वरचा कोणता, मधला कोणता, खालचा कोणता. रंगाची गरजच उरली नव्हती. पोटूळ गेलं, दौलताबादचा उपड्या वाटीसारखा किल्ला गेला, शहर गेलं, आणि मुकुंदवाडीच्या फलाटावर गाडी उभी राहिली. पडद्यावर अभिनंदनाची अक्षरं आली. मी तोंडावरचा हात काढला आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

काकांनी पेढे आणले. गल्लीत वाटले. काकू त्या दिवशी हिरवी साडी नेसल्या, म्हणजे मरून. काका पेढ्याचा पुडा हातात घेऊन म्हणाले, "आता त्या डॉक्टरला बोलवा. म्हणावं, बस इथं आणि बघ. नापास करतो काय!"

काकू पेढा खात होत्या. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आणि रात्री हो?"

"रात्री काय?"

"रात्री खांब कुठं दिसतो? दिवाच दिसतो नुसता. वरचा का खालचा, ते अंधारात कशावरून ठरवणार?"

काकांनी पुडा टेबलावर ठेवला. त्या दिवशी ते जेवले, पण जेवणात कुठलीही त्रुटी काढली नाही.

नंतर बरेच दिवस कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं होतं. मी खाली जायचो, काका पेपर वाचत असायचे. "आज नको. गाडीला क्रॉसिंग लागलंय," म्हणायचे. काकूंना वाटत होतं आपण बोलायला नको होतं. त्या मला हळूच म्हणाल्या, "मला मेलीला काय गरज होती रात्रीचा विषय काढायची?"

मग एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, काकांनी मला हाक मारली. खोलीचे पडदे ओढलेले होते. खेळात त्यांनी रात्रीची वेळ लावली होती. "बस," म्हणाले. "तोंडावर हात."

बाहेर दुपारचं ऊन, कुल्फीवाल्याची घंटी, आणि आमच्या पडद्यावर काळामिट्ट लासूर. आत्यासुद्धा दिसत नव्हत्या. तरी काका म्हणाले, "आत्या, येताय का?" आणि निघाले. हवा भरून, दमानं, एका खाचेनं.

अंधारातून एक उजेडाचा कण पुढं येत होता. काका पुढं वाकले. वेग कमी केला. आणखी कमी केला. कण मोठा झाला, पण त्याला खांब नव्हता, वर नव्हतं, खाली नव्हतं. काका पुटपुटले, "ठिपका."

तो लाल होता. मी हाताखाली जीभ चावून धरली. मागं मटार सोलायचा आवाज थांबला होता. काकांचा हात ब्रेककडं गेला, परत दांड्याकडं गेला. मग त्यांनी ठरवलं आणि एक खाच ओढली. पडदा काळा झाला. ती ओळखीची इंग्रजी अक्षरं आली.

काकूंनी उठून खिडकीचा पडदा सारला, ऊन आत आलं. काका त्या उन्हात डोळे मिचकावत बसले. मला वाटलं आता हे रडतील. पण ते एकदम खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "सुटला."

"कोण?" काकूंनी विचारलं.

"डॉक्टर. एवढी वर्षं उगाच डांबून ठेवलं होतं बिचाऱ्याला. माझ्यामागं डब्यांत माणसं झोपलेली असती, सुमन. लेकरं झोपलेली असती. त्यानं बरोबर केलं. मी त्याच्या जागी असतो तर मीपण म्हणालो असतो, जा." आणि मग त्यांनी हात झटकले. "प्रकरण निकाली. दप्तरी दाखल."

काकूंनी डोळ्याला पदर लावला होता, पण बोलायच्या थांबतील तर त्या काकू कसल्या! "मग आता गल्लीतून पेढे परत मागवू का?"

काका हसले. पोट धरून हसले. मग माझ्याकडं वळले, "काढ तो हात तोंडावरचा. गाडी परत लासूरला लाव. रात्रच राहू दे. ह्या वेळी तू बोल."

मी बोललो. मुकुंदवाडीपर्यंत प्रत्येक दिवा ओरडून सांगितला. काकांनी प्रत्येक शब्द उलट ओरडला. भर दुपारी, उस्मानपुऱ्यात, पडदे उघडे टाकून आम्ही रात्रीची गाडी सुखरूप नेली. तेव्हापासून काका कधी एकटे चालवायचं म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "इंजिनात दोन माणसं बसवतात ते उगाच नाही."

पदवी झाली. मुलाखतीला मी नाशिकला गेलो तेव्हा दारातून काका एवढंच म्हणाले, "हवा भरू दे आणि मग बोल." नोकरी लागली. निघताना आबा मला पोचवायला म्हणून गावाहून आले. आबा जन्मात आगगाडीत बसले नव्हते. आमची गाडी पहाटेची होती, अजून फटफटलं नव्हतं. काका-काकू रिक्षा करून स्टेशनवर आले होते. काकूंनी दशम्या बांधून दिल्या. आबा खिडकीत बसले, मी दारात उभा राहिलो.

काका फलाटावर माझ्यासमोर होते, पण बघत होते पुढं, फलाटाच्या टोकाला. तिथं अंधारात एक दिवा लागला होता. नुसता एक कण. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि मग माझ्याकडं वळून बघितलं. नुसतं बघितलं.

मी दांडीला धरून बाहेर वाकलो आणि भरल्या फलाटावर, चहावाल्यांच्या, हमालांच्या, झोपाळू प्रवाशांच्या देखत ओरडलो, "डबल!"

काकांनी हात वर केला. "डबल!"

गाडी हलली. मी वळून बघितलं तेव्हा काका अजून हात वर करूनच उभे होते आणि काकू त्यांची बाही ओढत होत्या.

नाशिकला पोचल्यावर मी त्यांना पत्र टाकलं. टपालानं, रीतसर. त्याची प्रत माझ्याकडं आहे, कारण प्रत ठेवायची सवयही त्यांचीच.

प्रति,
मा. श्री. भालचंद्र टाकळकर,
उस्मानपुरा.

विषय: पोटूळ येथील माडांच्या प्रत्यक्ष पाहणीबाबत.

संदर्भ: आपला वेळोवेळी प्रलंबित ठेवलेला विषय.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, अधोस्वाक्षरीकर्त्याने दारात उभे राहून पोटूळ स्थानकाची पाहणी केली. नुकतंच उजाडलं होतं. माड आढळून आले नाहीत. बाभळी आणि एक लिंब आढळला. आपलं म्हणणं बरोबर होतं, काकूंना कळवावं.

सोबत आबा होते. गाडी कुणी सोडली आणि घंटी कुणी दिली, असं त्यांनी विचारलं. पुढं दिवा लागतो तीच घंटी, असं मी सांगितलं. पुढच्या स्टेशनावर त्यांनी खिडकीतून डोकं काढून बघितलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "डबल हाय!" शेजारचे लोक हसले. मीही हसलो. आवाज खाली घ्या असं मी त्यांना म्हणालो नाही.

इथं कामावर पहिल्याच दिवशी मला सगळ्यांसमोर उभं राहून बोलायला सांगितलं. हवा भरू दिली आणि मग बोललो. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

आता संध्याकाळी माझ्या जागी स्टुलावर काकूंनी बसावं, अशी शिफारस आहे. त्यांचा आवाज पोचतो.

लासूरच्या फलाटावर लासूरच्या आत्या दिसल्या नाहीत. त्यांना गाडी मिळाली असावी.

आपला विश्वासू,
रामेश्वर

प्रत माहितीस्तव: सौ. काकू, दिवाण, मधली खोली.